गाण्याखालचं भांडण

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

"तुमच्या पिढीला जुनं तेवढंच सोनं वाटतं," असं तू परवा फोनवर म्हणालीस. तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं तर वादच झाला असता, म्हणून लिहायला बसले.

आरोप निम्मा खरा आहे. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतचं माणसाला जितकं ठळक आठवतं, तितकं मधल्या वयातलं आठवत नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हापुन्हा तपासलं आहे. त्या वयात कानावर पडलेलं गाणं जिवाला लागतं; ते थोर असतंच असं नाही. शिवाय त्या काळातली रद्दी गाणी लोक केव्हाच विसरून गेलेत. उरलेली निवडक घ्यायची आणि आजच्या अख्ख्या ढिगाशी त्यांची तुलना करायची, ही आम्हा मोठ्यांची लबाडी. रीलमागे वाजणारी जी गाणी ऐकून मी आज नाक मुरडते, तीच ऐकून उद्या तुझा गळा दाटेल, आणि तुझी मुलं तुला हसतील.

१६८८ साली बाझेलमध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घरच्या ओढीने झुरण्याला चक्क आजार ठरवून त्यावर प्रबंध लिहिला होता. आता कुणी त्याला आजार म्हणत नाही. पण यूट्यूबवर जुन्या गाण्याच्या खालच्या प्रतिक्रियांत उतरलं, की होफर अगदीच चुकला नव्हता असं वाटतं.

मागे असंच एक गाणं लावलं होतं. खाली कुणीतरी लिहिलेलं: 'दाढी करताना बाबा हे गुणगुणायचे. आता ते नाहीत.' त्याखाली अनोळखी लोकांनी आपापल्या वडिलांच्या आठवणी लिहिल्या होत्या. एकाने विचारलं होतं, कुठली ओळ? उत्तर आलं होतं बऱ्याच महिन्यांनी: 'दुसऱ्या कडव्याची पहिली. पुढची त्यांना येतच नव्हती.' मी तिथे थबकलेच. आणि लगेच खाली एक महाशय उगवले: 'याला म्हणतात संगीत! आजकालच्या पोरांना काय कळतंय?' झालं. पोरं चिडली, कुणी कुणाचं वय काढलं, कुणी अक्कल. दाढी करणारे बाबा राहिले बाजूला.

गंमत अशी की दोन्ही गोष्टी एकाच आडोशाने घडतात. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली यावर लिहिलं आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आपलं नाव कळत नाही, उत्तर लगेच झेलावं लागत नाही. मग माणसाची भीड चेपते. पण भीड चेपली की माणूस नुसता शिव्याच देतो असं नाही, एरवी कुणाजवळ बोलला नसता ते मनातलंही बोलून जातो, हे सुलरने स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे 'खरं नाव सक्तीचं करा' असं कुणी म्हणालं की मला त्या बाबांची आठवण लिहिणारं माणूस आठवतं. खऱ्या नावाने ते लिहिलं असतं का, शंकाच आहे.

आमच्या काळी माणसं सभ्य होती, यावर मात्र विश्वास ठेवू नकोस. वर्तमानपत्रांकडे निनावी, घाणेरडी पत्रं तेव्हाही येत. संपादकाच्या टेबलाखाली केराची टोपली होती, एवढाच फरक. आता ती टोपली गेली आणि तिच्या जागी लाइक-शेअरची मोजणी आली. २०१७ सालच्या एका अभ्यासात ट्विटरवरचे राजकीय वाद तपासले होते. बऱ्यावाईटाचा निवाडा आणि भावना एकत्र आणणाऱ्या दर जादा शब्दामागे संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढत होता. 'मला हे आवडायचं' हे वाक्य त्या शर्यतीत कुठे टिकणार? 'तुम्हाला लाज वाटली पाहिजे' मात्र धावत सुटतं.

म्हणून जुन्याची ओढ मला खटकत नाही. ती दुसऱ्याच्या डोक्यात घालायला घेतली की खटकते. यात तुझी पिढीही मागे नाही बरं. तुमच्या लहानपणीची कार्टून आताच्यांपेक्षा किती भारी होती, हे तू भावाला ज्या सुरात ऐकवतेस तो सूर माझ्या ओळखीचा आहे.

आता ते सध्या तुझ्या तोंडी असलेलं गाणं पाठव. नाही आवडलं तर फोन करून तुलाच सांगेन, त्याच्याखाली जाऊन लिहिणार नाही.

तुझी,
आई