विमान बांधलं हे छापता, उतरवतात कसं हेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरी विमान बांधणाऱ्यांच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात आणि मी त्या अगदी आवडीने वाचतो. कॅप्टन अमोल यादवांनी चारकोपला गच्चीवर बांधलेलं विमान 2016 ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा इकडे अमेरिकेत, ओरेगनमधे आम्ही मराठी मंडळी ते फोटो एकमेकांना पाठवत बसलो होतो. पण बातमी नेहमी बांधण्यापाशीच संपते, इंजिन कुठलं, खर्च किती आला, किती वर्षं लागली. ते विमान उतरवायचं कसं आणि लांब न्यायचं कसं यावर एक ओळ नसते, आणि जीव जातो तो हवेत, गॅरेजमधे नाही. म्हणून हे पत्र.

मी आरव्ही-6 उडवतो, किटचं विमान, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायचं, दोन सीटा शेजारी शेजारी आणि तिसरं चाक शेपटीला. किट बनवणारी व्हॅन्स कंपनी इथलीच, ऑरोरा गावातली, त्यांची अकरा हजारांच्या वर विमानं लोकांनी घरी बांधून उडवलीत.

लँडिंगचं सगळं गणित स्पीडवर असतं. ज्या स्पीडला विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख विमानाला उचलून धरेनासे होतात, त्याच्या साधारण 1.3 पट स्पीड फायनलला, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, धरायचा. स्टॉल 50 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असेल तर 65. नवीन माणूस भीतीपोटी म्हणतो थोडा जास्त असलेला बरा आणि 72 ठेवतो. आता स्पीड 10 टक्के वाढला की एनर्जी 21 टक्के वाढते, ती कुठेतरी जिरायलाच हवी ना, मग विमान रनवेवर तरंगत राहतं, टेकतच नाही, अर्धा रनवे मागे गेला की हा घाबरून नाक खाली दाबतो आणि मग ज्या उड्या सुरू होतात त्या प्रोपेलर जमिनीला लागेपर्यंत थांबत नाहीत. तिथे सरळ फुल थ्रॉटल देऊन वर जायचं आणि परत यायचं, त्यात कमीपणा कसला?

शेपटीला चाक असलेल्या विमानात वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो, त्यामुळे जरा तिरकं टेकलं की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान गर्रकन फिरतं. बाजूचा वारा असेल तर वाऱ्याकडचा पंख खाली धरायचा, उलट बाजूचा रडर (शेपटीवरचं पायाने चालवायचं सुकाणू) देऊन नाक रनवेच्या रेषेत ठेवायचं, आणि वाऱ्याकडचं चाक आधी टेकू द्यायचं. टेकल्यावर काम संपलं असं वाटतं पण पाय रडरवर जागेच ठेवायचे, विमान उभं राहीपर्यंत.

आणि फायनलला वळतानाचं वळण. मागून वारा असला की रनवे ओलांडून पुढे जातो आपण, मग जास्त तिरकं करायची भीती वाटते म्हणून माणूस रडरनेच नाक ओढतो, आतला पंख आधी स्टॉल होतो आणि स्पिन सुरू, म्हणजे विमान गरगरत खाली. पाचशे फुटांवर त्यातून बाहेर यायला जागाच नसते. म्हणून ओलांडलं तर ओलांडलं, तसंच पुढे जाऊन परत फेरी मारायची, हे इंस्ट्रक्टरने डोक्यात कोरूनच द्यायला हवं.

बरं, एक घरगुती विमान उडवता येतं म्हणून दुसरंही येतंच असं नाही. लाँग-ईझी नावाच्या घरी बांधायच्या विमानाला छोटा पंख पुढे आणि प्रोपेलर मागे, फ्लॅप (हळू उतरता यावं म्हणून पंखामागे असतात त्या झडपा) नाहीत, ते सपाट आणि वेगात येतं, रनवे लांब लागतो. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ समुद्रात कोसळून गेले ते याच विमानात. विमान दुसऱ्याने बांधलेलं, यांनी नुकतंच विकत घेतलेलं, आणि बांधणाऱ्याने पेट्रोलच्या टाक्या बदलायचा व्हॉल्व्ह नेहमीच्या जागी न बसवता पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागे बसवला होता. तो फिरवायला अंग वळवावं लागायचं, आणि तपासात निघालं ते असं की वळताना उजवा पाय रडरवर दाबला गेला असणार. मोठे अनुभवी पायलट होते ते. या विमानाची सवय नव्हती.

लांबच्या फ्लाइटचं आणखी वेगळं. अमेरिकेत नव्या विमानाला सहसा आधी 25 किंवा 40 तास ठरलेल्या भागातच उडवावं लागतं, एकट्याने, मगच बाहेर. कायद्याने दिवसा अर्ध्या तासाचं पेट्रोल शिल्लक लागतं, मी तासाचं ठेवतो. डोंगराळ भागात उन्हाळ्यात सगळं गणित बदलतं, पाच हजार फुटांवरच्या एअरपोर्टला 30 डिग्री तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाला ते आठ हजार फूट वाटतं, मीटरवर स्पीड तोच दिसतो पण प्रत्यक्षात आपण बऱ्याच जास्त वेगात टेकतो आणि रनवे जास्त खातो, टेकऑफचं तर विचारूच नका. म्हणून आम्ही पहाटे निघतो, आणि डोंगररांग तिरकी ओलांडतो म्हणजे वारा खाली दाबायला लागला तर लगेच मागे फिरता येतं.

हे सगळं एकत्र बघायचं तर जुलैअखेरीस विस्कॉन्सिनला ऑशकॉशचा विमानांचा मेळा. तिथे उतरायला रिपन गावापासून रेल्वे रुळांवरून 1800 फूट, 90 नॉट, एकामागे एक विमानं, रेडिओवर बोलायचं नाही, खालचा कंट्रोलर विमानाचा रंग सांगतो आणि आपण पंख हलवून हो म्हणायचं, मग रनवेवर रंगीत ठिपके असतात त्यातला सांगितलेला ठिपका गाठून टेकायचं. देशभरातून तासन्‌तास उडत आलेली माणसं हे करतात कारण स्पीड आणि उंची धरायची त्यांना सवय असते.

आपल्याकडची पोरं व्हिडिओ बघून विमानं बांधायला लागलीत, हुशार आहेत, त्यांचं कौतुक कराच. पण पुढच्या वेळी तुमचा बातमीदार अशा कोणाकडे गेला तर खर्चाबरोबर हेही विचारू दे, की बाबा याच टाइपच्या विमानात इंस्ट्रक्टरबरोबर किती तास केलेस, पहिल्यांदा उडवणार कोण, आणि कुठल्या रनवेवर. उत्तर जे येईल ते जसंच्या तसं छापा.

आपला,
एक वाचक, ओरेगन