सुन्या, लेथ घेण्याआधी हे वाच

दांडिया बाजार, वडोदरा
रविवार, दुपार

प्रिय सुन्या,

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्री झोपच लागेना. नोकरी सोडून स्वतःचा लेथचा (धातू फिरवून कापायच्या मशीनचा) गाळा टाकतोयस याचं मला काही वाटत नाही, तुझा हात मशीनवर कसा चालतो हे मी पॉलिटेक्निकपासून बघतोय, मायक्रोमीटर लावायच्या आधी नुसतं बोट फिरवून जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, जास्ती आहे का कमी हे सांगायचास. मन खट्टू झालं ते तू शेवटी जे बोललास त्याने. "हिशोबाचं काय रे, एक माणूस बघितलाय, सगळं त्याच्याकडे देऊन टाकतो, मला ती झंझट नको." अरे हेच करू नकोस. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून आज जेवण झाल्यावर लिहायला बसलोय, लांबलं तर लांबू दे.

मामाचं तुला अर्धवट माहितेय. मकरपुरा जीआयडीसीत त्याचा गाळा आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. त्याने पण असंच सगळं एकाला देऊन टाकलं होतं. त्या माणसाने जीएसटी नंबर काढला तेव्हा मोबाईल स्वतःचा घातला, ईमेल स्वतःचा, पासवर्डही त्याच्याकडेच. मामा दर महिन्याला बिलबुक आणि टॅक्सचे पैसे त्याच्या हातात देऊन मोकळा. तो भरायचा बंद झाला हे मामाला कळणार कसं? नोटीस पोर्टलवर येते नाहीतर ईमेलवर, आणि ईमेल तर त्याचा. लागोपाठ सहा महिने रिटर्न गेलं नाही आणि नंबर कॅन्सल झाला. मामाला कळलं ते सगळ्यात मोठ्या कस्टमरच्या परचेसवाल्याकडून, की काका तुमचा नंबर कॅन्सल दाखवतोय, आमच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, तुमची बिलंच नाहीत, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, पेमेंट होल्डवर टाकलंय.

मी गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, तिन्ही मशीनी बंद, मामा स्टुलावर बसलेला आणि मांडीवर चलनांची फाईल. एवढंच म्हणाला, "मी तर दर महिन्याला पैसे देत होतो रे." सुन्या, एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे हिशोब लिहितोय मी, आणि सख्ख्या मामाचं पोर्टल एकदाही उघडून बघितलं नव्हतं. ते अजून सलतं.

मग पॅन, जागेचे पुरावे, अर्ज घेऊन टॅक्स ऑफिसात जाऊन आधी मोबाईल आणि ईमेल बदलून घेतला. राहिलेली सगळी रिटर्नं भरली. लेट फी रिटर्नमागे दिवसाला ५० रुपये, तिला वरून मर्यादा आहे म्हणून ती तरी आवाक्यात राहिली, पण टॅक्सवर १८ टक्क्याने व्याज लागलं आणि टॅक्स दुसऱ्यांदा भरावा लागला. कॅन्सलची ऑर्डर झाल्यापासून ९० दिवसांत नंबर परत चालू करायचा अर्ज करता येतो, तो केला, नंबर मिळाला. कस्टमरचं काम मात्र निम्मंच परत आलं, तोवर त्यांनी दुसरा जॉबवर्कवाला लावला होता.

म्हणून पहिलं सांगणं हे, की माणूस लाव, जरूर लाव, मी स्वतः तेच काम करतो. पण मोबाईल तुझा, ईमेल तुझा, ओटीपी तुझ्याकडे, आणि टॅक्सचे पैसे तुझ्या बँक खात्यातून थेट सरकारला. कुणाच्या हातात रोख देऊ नकोस. आणि महिन्यातून एकदा पोर्टलवर स्वतःचा नंबर टाकून बघ, लॉगिनसुद्धा लागत नाही, कुठल्या महिन्याचं रिटर्न कधी गेलं ते सगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता तुझ्या लेथचं. बंद होणाऱ्या कंपनीकडून ३ लाख ४० हजारात सेकंडहँड मिळतोय आणि सगळे रोख दिले तर २० हजार कमी करतो म्हणतोय. नको घेऊस तसा. एका दिवसात एका माणसाला १० हजाराच्या वर रोख देऊन मशीन घेतलं तर इन्कम टॅक्सवाले ती रक्कम मशीनच्या किमतीत धरतच नाहीत, म्हणजे मशीन झिजते म्हणून वर्षाला १५ टक्के घसारा नफ्यातून वजा करायला मिळतो तो गेला. आणि २ लाख किंवा त्याहून जास्ती रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड, म्हणजे तोही गोत्यात. बिलाने घेतलास तर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६१,२०० वर द्यावे लागतील, पण तुझा नंबर असेल तर ते क्रेडिट म्हणून तुझ्या खात्यात जमा होतात आणि पुढच्या टॅक्सातून वळते होतात. फक्त तेवढ्या रकमेवर घसारा घ्यायचा नाही, दोन्हीकडून फायदा चालत नाही.

आणि हे नीट वाच, कारण यात बरेच जण फसतात. आधी जीएसटी नंबर, मग मशीनचं बिल. उलटं झालं तर नंबर मिळायच्या आधी घेतलेल्या मशीनचं क्रेडिट मिळत नाही. कच्च्या मालाच्या स्टॉकचं मिळतं, मशीनचं नाही. पंधरा दिवसांच्या घाईने ६१ हजार पाण्यात जातील.

तू विचारलंस की वर्षाला ४० लाखांच्या धंद्यापर्यंत जीएसटी नंबर लागत नाही ना. ते नुसता माल विकणाऱ्यांना. तू कंपनीचा रॉड घेणार, टर्निंग करून परत देणार, हे जॉबवर्क झालं, आणि जॉबवर्क सेवेत मोडतं, तिथे मर्यादा २० लाखांची. तेवढं काम पहिल्या वर्षी झालं नाही तरी नंबर घेच, कारण अंबड एमआयडीसीतल्या कंपन्या क्रेडिट मिळत नसेल तर तुला दारात उभं करणार नाहीत. याच कारणाने कंपोझिशनमध्येही, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, जाऊ नकोस, तिथे बिलात टॅक्स लावता येत नाही. फक्त एकदा नंबर घेतला की काम असो नसो रिटर्न भरायचंच, शून्याचं सुद्धा.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, त्याच आठवड्यात करून टाक, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार आणि पॅन लागतं, कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. नंबर बिलावर छाप. लेखी करार नसेल तर कंपनीने १५ दिवसांत पैसे द्यायचे, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. आणि मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्यांना प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये मिळत नाही, हे २०२३-२४ पासून लागू आहे. मार्च आला की आता त्यांचेच अकाउंटवाले फोन करतात. मामाचं जुनं येणं यामुळेच सुटलं.

कंपनी १ टक्का टीडीएस कापेल, तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुझ्या पॅनवर जमा दिसतोय ना ते बघत जा. इन्कम टॅक्समध्ये वर्षाचा धंदा दोन कोटींच्या आत असेल तर अंदाजे नफ्याची सोय आहे, बँकेतून आलेल्या पैशांवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा दाखवला की मोठी पुस्तकं ठेवायची सक्ती नाही. तुझा माणूस हेच सांगेल आणि कायद्याने बरोबरच आहे, पण म्हणून लिहायचं सोडू नकोस.

इथे मंगळ बाजारात एक काका आहेत, फॉल-अस्तरचं दुकान, ऐंशी गाठलीय. धनतेरस-दिवाळीला चोपडापूजन, म्हणजे हिशोबाच्या वहीची पूजा, आणि लाभपाचमला नव्या चोपड्यात पहिली नोंद, हे कधी चुकलं नाही. रोज रात्री रोजमेळ लिहितात. वर सकाळची शिल्लक, मग जमा, मग खर्च, आणि खाली आलेला आकडा गल्ल्यातल्या नोटांशी जुळला की मगच शटर ओढायचं. मी समोर बसलेला असताना एकदा ४० रुपये कमी भरले. नोकराला घरी सोडलं नाही, स्वतःही उठले नाहीत, सगळं पुन्हा मोजलं. शेवटी कळलं की चहावाल्याला मागच्या दोन दिवसांचे दिले होते आणि लिहायचे राहिले होते. "४० रुपियानो सवाल नथी भाई," एवढंच बोलले आणि पान मिटलं.

मी मामाला तसंच लिहायला लावलं. साधी वही, तारीख, जॉब, नग, दर, कापायच्या टूलच्या टिप्स किती लागल्या, लाईटबिल, घरी किती नेले. तीन महिन्यांनी दोघं मिळून बघायला बसलो तर ज्या बुशच्या कामावर मशीन दिवसभर चालायची त्यातच सगळ्यात कमी सुटत होतं, दर चार वर्षांपूर्वीचा होता आणि टिप्सचा भाव केव्हाच वर गेला होता. मामाने वही घेऊन जाऊन कस्टमरला दाखवली, दर वाढवून मिळाला. हे कुठलाही टॅक्सवाला तुला सांगणार नाही रे, कारण त्याच्याकडे फक्त बिलं जातात.

करंट खातं वेगळं उघड, वहिनीच्या भिशीचे पैसे त्यात फिरवू नकोस. आत येणाऱ्या मालाचं चलन आणि बाहेर जाणाऱ्याचं चलन एकाच फाईलला तारखेने लाव, रॉड कुठे गेला म्हणून भांडण झालं तर तेच कामाला येतं.

कंपनीकडून लेथच्या बिलाचा मसुदा आला की पैसे द्यायच्या आधी मला फोटो पाठव, त्यांचा जीएसटी नंबर चालू आहे का ते मी बघून सांगतो. रजिस्ट्रेशनचा फॉर्म आपण व्हिडिओ कॉलवर बसून भरू, तूच टाईप करायचं. गाळ्याचं भाडेपत्र आणि लाईटबिल तेवढं काढून ठेव.

आई विचारत होती, सुन्या गणपतीला येतोय का.

तुझा,
मुकुंदा