रत्नाकर दुबईला निघाली, पण कर्जाचं काय?

महोदय,

दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने आरबीएल, म्हणजे पूर्वीच्या रत्नाकर बँकेत सुमारे २६,८५० कोटी रुपये घालून ६० टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायचा करार ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. तेव्हापासून 'आपली रत्नाकर दुबईला गेली' अशी हळहळ कोल्हापूर-सांगलीत ऐकू येते. १९४३ साली इथल्याच व्यापारी मंडळींच्या आधाराने उभी राहिलेली बँक, नोंदणीकृत कार्यालयही शाहूपुरीतलं, वाईट वाटणारच. पण ती आपल्या हातून गेली ती आत्ता नव्हे. २०१० नंतर कारभार मुंबईतून चालू लागला, २०१४ मध्ये नाव बदललं, तेव्हा फारसं कुणी ब्र काढला नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयने घेतली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयने. घेणारे दोघेही देशीच, आणि आज त्या नावांच्या पाट्याही दिसत नाहीत.

परदेशी मालक म्हणजे संकटच, असंही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तमिळनाडूतली लक्ष्मी विलास बँक बुडायला आली, तेव्हा सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतीय उपकंपनीत ती विलीन झाली आणि ठेवीदारांचा पैसा वाचला. (भागधारकांच्या हाती मात्र भोपळा आला.) उलट १९०२ पासून भारतात असलेल्या सिटी बँकेने किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय मार्च २०२३ मध्ये अ‍ॅक्सिसला देऊन टाकला. निर्णय न्यूयॉर्कचा, इथल्या खातेदाराला विचारतो कोण?

माझा प्रश्न वेगळा आहे. इथल्या ठेवींतून कर्ज कुणाला मिळणार? एकूण कर्जाच्या ४० टक्के शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला, त्यात १८ टक्के (तेही एकूण कर्जाच्याच) शेतीला, असा नियम आहे खरा. पण २०१६ पासून, कमी पडलं तर ज्या बँकेने जास्त वाटलं तिच्याकडून त्या जास्तीच्या वाटपाचं प्रमाणपत्र विकत घेता येतं. कागदावर उद्दिष्ट पुरं होतं, आणि इथे एका रुपयाचंही कर्ज वाढत नाही. ही सोय देशी-परदेशी सगळ्यांनाच आहे.

हुपरीतल्या माझ्या परिचयाच्या एका चांदी कारागिराने एका देशी खासगी बँकेकडे थोडं खेळतं भांडवल मागितलं. शाखेच्या साहेबांना त्याचं काम ठाऊक होतं, पण त्यांच्या हाती फक्त कागद स्कॅन करून मुंबईला पाठवणं. तिथून जीएसटीची विवरणपत्रं मागवली गेली. घरात बसून मजुरीवर पैंजण जोडणारा माणूस ती कुठून आणणार? अर्ज पडला तो पडलाच. हेच काम उद्या दुबईच्या मालकीच्या बँकेत गेलं तर वेगळं काही होईल, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

जिल्ह्यात अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेच्या) बैठका होतात, बँकांच्या कर्जवाटपाचा आढावा घेतला जातो. आरबीएलने कोल्हापूर-सांगलीत किती ठेवी गोळा केल्या आणि शेती, लघुउद्योगांना किती कर्ज दिलं, याचे करारापूर्वीचे आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे आकडे तालुकावार वर्तमानपत्रांत छापले जावेत. आपल्या लोकप्रतिनिधींनी तेवढं तरी मागून घ्यावं.

– एक वाचक, कोल्हापूर