चवथीला येण्याआधी

फोंडा, श्रावणातला दुसरा रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पावसाचं, पाटाच्या पाण्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय. तन्वीला आम्ही अंडी द्यायला लागलो आहोत. रोज दोन, उकडून. आज सोळावा दिवस. हो, श्रावणातही. आई, लगेच पत्र खाली ठेवू नकोस.

जूनपासून तिचा डबा भरलेलाच परत यायचा. मला वाटलं, दहावीचं टेन्शन. मग गाणं सुटलं, झोप उडाली, आणि एका सकाळी मी वेणी घालत असताना म्हणाली, "मम्मी, मला काहीच नको वाटतं." कंगवा हातातच राहिला. मला अण्णाकाका आठवला. त्याच्या वेळी आपण सगळे 'स्वभाव आहे' म्हणत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी तिला बांबोळीला मनोविकार संस्थेत घेऊन गेले. बाबांच्या कपाळाला आठी पडली असेल, पण तिथे तिच्या वयाची मुलं बरीच होती.

डॉक्टरबाईंनी दिवसभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पेज, रात्री आमटीचं वरचं पाणी आणि भात. हिशेब केला तर वीस ग्रॅमसुद्धा प्रथिनं भरेनात. तिच्या वयाच्या मुलीला दिवसाला 43 लागतात. मनाला लागणारं सेरोटोनिन शरीर ट्रिप्टोफॅनपासून बनवतं, आणि ते ट्रिप्टोफॅन शरीराला स्वतः करता येत नाही, खाण्यातल्या प्रथिनांतूनच यावं लागतं. अंडी खाल्ली की उदासी जाते, असं त्या मुळीच म्हणाल्या नाहीत. उदास मूल खात नाही, न खाल्ल्याने आणखी गळतं; आधी काय झालं कोण सांगणार? गुंत्याचं ताटाकडचं टोक तेवढं आपल्या हाती आहे, म्हणाल्या. समुपदेशन चालूच आहे. बी-12 जीवनसत्त्वही कमी निघालं, आणि ते डाळींत नसतं.

मूग, कुळीथ, अळसांदे काय कमी पडले, असं तू विचारशील. आई, तुझी मुगागाठी ती वाटीभर खात असती तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. पण वाटी बघूनच ती उठते. दोन अंड्यांत बारा ग्रॅम मिळतात आणि चार घासांत संपतात. मला दुसरं सुचलं नाही गं.

पातेलं वेगळं आहे, शेगडी मागच्या बाल्कनीत. टरफलं थेट बाहेर. देवांकडची बाजू, तुझा तांब्याचा तांब्या, बाबांची पोथीची खुर्ची, सगळं जिथल्या तिथे आहे. तुम्ही इथे असाल तेव्हा घरात अंडं येणार नाही, आणि चवथीला आपल्या घरी तर प्रश्नच नाही. तेवढे दिवस ती पनीर, दही खाईल.

माझा टायफॉइड आठवतो? तू मुगाचं कढण भरवायचीस आणि दर चमच्याला गोठ्यातल्या एकेका गाईचं नाव घ्यायचीस. गाई संपल्या की शेजारच्यांच्या. तन्वीला भरवताना परवा तीच नावं तोंडात आली.

आता तुम्ही दोघं ऐका. सोमवारला लागून एकादशी आली तर दोन्ही उपास करायचे नाहीत. रात्री नुसती पेज पुरे नाही, सोबत मूग हवेतच. बाबा, पोफळींच्या कुळागरात पाट फिरवायला एकट्याने उतरायचं नाही, पायऱ्यांना शेवाळ आलेलं असणार. मी आले की दोघांचंही बी-12 तपासून घेणार, वाद नको. आणि तन्वीला "किती वाळलीस" म्हणू नका. काकींसमोर अंड्याचा विषयही नको.

काल अंडं सोलता सोलता तिने हळूच विचारलं, "आजीला कळलं तर ती मला गणपतीवरची माटोळी बांधायला घेईल ना?"

मी 'हो' सांगून टाकलंय.

तुमची,
बाय