बापू, त्या कागदावर सही करणार नाही

अमळनेर
१ मे २०२५

प्रिय बापू,

माझ्या जर्मनीतल्या अपघाताचे विमा कंपनी जे पैसे देऊ करतेय, त्यावरून काल फोनवर तू म्हणालास, "जे भेटी ऱ्हायनं ते ली ले आन मोकळा व्हय." मी फोन ठेवला तो रागाने नाही. घरात आखाजीच्या सणाची गर्दी, दोघी बहिणी माहेरी आलेल्या, ओट्यावर पत्त्यांचा डाव, आत आमरसाची पंगत. त्या गलक्यात जे सांगायचं होतं ते सांगता आलं नसतं. म्हणून आज दुपारी कूलरसमोर वही घेऊन बसलोय. हे दुसऱ्या कुणाला लिहून उपयोग नाही. जळगावच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दादांच्या ट्रक-अपघाताच्या केसच्या तारखांना आपण दोघंच बसायचो.

तब्येत ठीक. मान डावीकडे वळवताना अजून धरते, माय रोज तेल चोळते.

फोनवर तुला अर्धवटच कळलं, नीट सांगतो. स्टुटगार्टला आमच्या वस्तीत आतल्या रस्त्यांवर ना सिग्नल ना पाटी. तिथे नियम एकच, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मग रस्ता लहान असो की मोठा. (तुझी एम-एटी आठवली. बोरीच्या पुलावर तू हॉर्न वाजवलास की पूल तुझा!) नोव्हेंबरची संध्याकाळ होती. मी एका म्हाताऱ्याच्या गाडीच्या उजवीकडून येत होतो, म्हणजे पहिला हक्क माझा. तो म्हातारा थांबलाच नाही. माझ्या डाव्या दारावर येऊन आदळला.

उतरल्यावर गृहस्थ चांगलं बोलला. लागलं का विचारलं, पाणी दिलं. आणि मग म्हणाला, पोलीस कशाला, आपण आपसात बघू. बापू, त्या क्षणी मला पारोळ्याजवळचा तो ट्रकवाला आठवला. तोही दादांजवळ बसून असंच गोड बोलला होता आणि आपण पंचनाम्याला पोहोचेस्तोवर त्याने जबाब फिरवला होता. मी एकशे दहाला फोन लावला.

पोलीस आले ते आधी त्याच्याशी बोलले. तो तिथल्या गावाकडच्या बोलीत भराभर सांगत होता. माझी जर्मन ऑफिसातली, मीटिंगपुरती. उभा राहून ऐकताना मला निम्मं कळलं आणि त्या निम्म्यात "फार जोरात आला" एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं. गाडीच्या कप्प्यात अपघाताचा छापील फॉर्म होता. हा फॉर्म सगळ्या युरोपात एकाच नमुन्याचा असतो. भाषा कुठलीही असली तरी रकान्यांचे नंबर तेच, म्हणून माझ्याकडची इंग्रजी प्रत त्याच्या जर्मन प्रतीशेजारी धरून एकेक रकाना भरता आला. खाली रस्त्याचा नकाशा काढायचा, कोण कुठून आलं ते बाण काढून दाखवायचं. सही केली म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही, हे त्यावरच छापलेलं असतं. त्याने त्या नकाशावर सही केली आहे. बेकरीतून बाहेर आलेल्या एका बाईने सगळं पाहिलं होतं, तिने आपणहून नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या विमा कंपनीचा फोन. आवाज इतका मऊ की काय सांगू. "तुम्ही काळजी करू नका, आमचा माणूस येऊन गाडी बघून जाईल, तुम्हाला एक सेंट खर्च नाही." ऑफिसातल्या सहकाऱ्याने मला तिथेच थांबवलं. तिथे चूक समोरच्याची असेल तर गाडी तपासणारा तज्ज्ञ आपला आपण निवडायचा, वकीलही आपला, आणि दोघांचा खर्च समोरच्याच्या विम्यातून निघतो. फक्त दोष वाटून आला तर हा खर्चही त्याच प्रमाणात वाटला जातो. शिवाय त्या म्हाताऱ्याच्या मागे लागायचंच नाही, कायद्याने थेट त्याच्या कंपनीकडे मागता येतं. गाडीचा नंबर माहीत असला की कंपनी कोणती तेही एका फोनवर कळतं. आपल्याला दादांच्या वेळी ट्रकच्या पॉलिसीचा नंबर मिळवायला आरटीओत किती चपला झिजवाव्या लागल्या!

दवाखान्याचं बिल माझ्या आरोग्य विम्याने भरलं, तो ते म्हाताऱ्याच्या कंपनीकडून परस्पर वसूल करतो. इथवर सगळं सरळ होतं.

मार्चमध्ये त्या कंपनीचं पत्र आलं. दोष दोघांचा, निम्मा-निम्मा. मी "परिस्थितीला साजेसा वेग" ठेवला नव्हता म्हणे. पुरावा काय, तर त्यांच्या ग्राहकाचा जबाब. बेकरीवाल्या बाईचा उल्लेखसुद्धा नाही. आणि खाली एक प्रश्न. मी जर्मन लायसन्स कधीपासून धारण करतो आणि त्याआधीचं कोणत्या देशाचं होतं? बापू, हा प्रश्न मी रात्रभर वाचत बसलो. आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची परीक्षा. ती मी दिली, त्यांच्याच परीक्षकासमोर पास झालो. मग आधीचा देश कोणता याचा माझ्या डाव्या दाराशी संबंध काय? त्या म्हाताऱ्याला तो किती वर्षांपूर्वी शिकला हे कुणी विचारलं का?

पत्रासोबत तडजोडीचा कागद जोडला होता. एक रक्कम, आणि तिच्याखाली एक ओळ: ही रक्कम स्वीकारल्यावर या अपघातातून उद्भवणारा कोणताही दावा, आजचा वा पुढचा, उरणार नाही.

आता तुला कळलं असेल मी काल का गप्प झालो.

दादांच्या केसमध्ये लोकअदालतीत तू तडजोडीवर सही केलीस तेव्हा मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोललो नव्हतो. तुझी बाजू मला माहीत आहे. ताईचं लग्न ठरलं होतं, सावकार दारात होता, आणि वकील म्हणत होता, अजून पाच वर्षं लागतील. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं हे तुला त्याने आधी सांगायला हवं होतं. दादांच्या पायात बसवलेली धातूची पट्टी पुन्हा काढावी लागली तेव्हा दुसऱ्या ऑपरेशनचा पैसा तू सुरतेहून उचल घेऊन पाठवलास. ते पैसे त्या ट्रकच्या विम्यातून यायला हवे होते. मी तेव्हाही हेच म्हणत होतो, आजही म्हणतो. तू चिडशील, चीड. पण माझी मान अजून पूर्ण वळत नाही आणि पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. अशा वेळी "पुढचा दावा उरणार नाही" या ओळीखाली सही कर, असं सांगणारा तू असावास याचं मला वाईट वाटलं.

घरात सगळ्यांचं तुझ्यासारखंच. माय म्हणते, "जीव वाचना ना, मंग बठ्ठं भेटनं." नाना म्हणतात, परक्या मुलखात वाद घालू नये. तुझ्या वहिनीला तर वेगळीच धास्ती, कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज आहे, त्यात हे आडवं येईल. तिथल्या माझ्या वकीलबाईंना मी तेही विचारलं. त्या म्हणाल्या, विम्याचा दावा हा दिवाणी मामला, परवान्याशी त्याचा काही संबंध नाही. तरी रात्री ती विचारतेच, "काय गरज आहे?"

गरज ही आहे. तिथली आपली सगळी माणसं असंच करतात. मला माहीत असलेल्या किमान तीन घरांनी असाच निम्मा दोष अंगावर घेतला, कारण भाषा कच्ची, कारण व्हिसा, कारण "आपण पाहुणे". कंपन्यांनाही ते ठाऊक असणार. मी तिथे कर भरतो, प्रीमियम भरतो. माणसाला झालेल्या इजेसाठी किमान ७५ लाख युरोंचं संरक्षण प्रत्येक गाडीच्या विम्यात असावं असं तिथला कायदा सांगतो, आणि त्या कायद्यात जखमी माणूस कोणत्या देशाचा हे कुठेही लिहिलेलं नाही. वकीलबाईंनी मला खरं तेच सांगितलं. गाडी रस्त्यावर आहे एवढ्यानेच थोडा धोका असतो, त्यापोटी कोर्ट माझा चतुर्थांश कापूही शकतं. कापू दे. तो नियम तिथल्या माणसालाही लागतो, मला मान्य. निम्मा मान्य नाही.

मुदतीची घाई नाही. हक्क बुडायला तीन वर्षं, आणि ती मोजायची अपघात झाला ते वर्ष संपल्यापासून, म्हणजे २०२७ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. नानांची शेती बघायला मी मध्येच कायमचा परत आलो तरी वकीलपत्रावर केस चालू राहते. कोर्टाच्या खर्चाचा विमाही आधीपासून आहे. बेकरीवाल्या बाईने वकीलबाईंना जबाब लिहून पाठवला आहे, गाडी सावकाश होती असं त्यात स्पष्ट आहे. सोमवारी मी त्यांना कळवतोय, कागद परत पाठवा, दावा लावा.

तुझं काय चाललंय? मार्केटमध्ये मंदी आहे असं ताई म्हणत होती. गाळ्याचं भाडं वाढवलं का शेटने? मुलीचा बारावीचा निकाल जवळ आला, लागला की लगेच कळव. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं?

आठ तारखेला एकादशी, सखाराम महाराजांचा रथ. मी पंधरापर्यंत आहे. सुरतेहून रात्रीची गाडी पकडलीस तर पहाटे स्टेशनावर घ्यायला येतो. येताना दादांच्या केसची ती निळी फाईल आण. दुसऱ्या ऑपरेशनची बिलं आणि तडजोडीचा कागद असे दोन्ही एकत्र मला तुझ्या वहिनीला दाखवायचे आहेत. माझं बोलणं तिला पटत नाही, पण तू समोर बसून सांगितलंस तर ऐकेल.

तुझा,
भैय्या