बांधलेल्या बोटीतली रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आमच्या शिडाच्या बोटीच्या सफरीत पुढच्या टप्प्याला तू येतोयस, फार बरं वाटलं. पण रात्री मरीनातच, म्हणजे बोटी धक्क्याला बांधून ठेवायच्या बंदरातच, थांबत जाऊ असं लिहिलंयस, म्हणून परवाचं सगळं सांगतो.

चौदा तास शिडावर काढून आम्ही दोघं भाऊ पार गळून गेलो होतो. अलीकडेच नांगर टाकण्याजोगी आडोशाची खाडी होती, पण मीच हट्ट धरला की आज धक्क्याला बांधू आणि गाढ झोपू. व्हीएचएफ रेडिओवर मरीनाला विचारलं, तर जागा आहे, पाण्याची खोलीही भरपूर आहे म्हणाले. जागा नेमकी कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही. मिळाली ती अगदी मरीनाच्या तोंडाशी.

अंघोळीच्या खोलीला कुलूप, धक्क्यावरच्या खांबात वीज नाही. तेही चाललं असतं. जीव तुटला तो बोटीसाठी.

अमावास्येचं उधाण होतं. भरती चढली तशा लाटा आत शिरून थेट बोटीच्या कुशीवर आपटू लागल्या. नांगरावर बोट निदान वाऱ्याकडे तोंड करून डुलते. इथे चारी दोरांनी जखडलेली, बिचारी वळणार कुठे? दोर कर्रकर्र ताणायचे, मग ती परत धक्क्यावर जायची. दोनच्या सुमाराला बॅटरी मारून पाहिलं, तर पुढच्या दोराचं वरचं वेष्टन कडेला घासून फाटलेलं, आतले पांढरे तंतू पिंजल्यासारखे बाहेर आलेले. दोर पॉलिएस्टरचा. तो नायलॉनइतका ताणत नाही, त्यामुळे प्रत्येक हिसका सरळ क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या बोटीवरच्या खुंटीला, बसत होता. नांगराचा नायलॉनचा दोर काढला, घासत होता तिथे पाण्याच्या पाइपाचा तुकडा चढवला आणि बांधला. तोवर भाऊ फेंडर, म्हणजे बोट आणि धक्क्यामध्ये लावायची उशी, हातानं धरून बसला होता. तरी कुशीवर वीतभर ओरखडा आलाच. तो पाहून मला रडू यायचं बाकी होतं.

आणि ती भरपूर खोली भरतीची! उधाणाला पाणी जितकं चढतं, तितकंच खालीही जातं. पहाटे पाचला निघालो तेव्हा कीलखाली, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याखाली, जेमतेम 30 सेंटीमीटर पाणी उरलं होतं. अर्धा तास उशीर झाला असता तर गाळात बसलो असतो.

तिथून मागे फिरून त्याच खाडीत नांगर टाकला, खोलीच्या पाचपट साखळी सोडली आणि दुपारपर्यंत झोपलो.

येताना नायलॉनचे दोन दोर आण, 14 मिलिमीटर जाडीचे, प्रत्येकी 15 मीटर. ओरखडा तू आल्यावर दोघं मिळून भरू, तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

तुझाच,
मित्र