आई-बाबांना, खावड्याहून

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई "जेवलीस का"वर येते. म्हणून लिहितेय. राजीनामा मंजूर झाला. आता मी स्वतंत्रपणे साइटची कामं घेते. ज्या कंत्राटदाराला जितके महिने इंजिनिअर हवा, तितके महिने त्याच्याकडे. सध्या कच्छात, खावड्याला, सबस्टेशनच्या फाउंडेशनचं काम बघतेय. दुसरी नोकरी बघ म्हणू नका, बघणार नाहीये.

बाबा, वीज बोर्डाची नोकरी काय असते ते क्वार्टर्समध्ये वाढलेल्या मुलीला कुणी शिकवायला नको. ठरल्या तारखेला पगार, दिवाळीचं सानुग्रह, औषधांची बिलं. इथे यातलं काहीच नाही. महिनाअखेरीला मी बिल लावते, ते टीडीएस कापून पैसे देतात, कधी वेळेवर, कधी चार फोन केल्यावर. म्हणून खर्चाचे पैसे आधीच बाजूला काढलेत. पीएफ गेला, तर पीपीएफमध्ये वर्षाचे दीड लाख टाकणार आहे. तुमचा दोघांचा मेडिक्लेम माझ्याआधी भरलाय. आणि कंपनीत तरी काय करत होते? एसीत बसून दुसऱ्यांनी खणलेल्या खड्ड्यांचे रिपोर्ट. इथे बोल्टची पातळी मी तपासल्याशिवाय काँक्रीटची गाडी रिकामी होत नाही.

रात्री साइटवर का असते, तेही सांगते, म्हणजे आई जागी राहणार नाही. दिवसा पारा चाळिशीपार जातो. तेवढ्या उन्हात काँक्रीट घाईने घट्ट होतं आणि तडे जातात. म्हणून पाण्यात बर्फ टाकून रात्री ओततो. त्यात रणाची जमीन खारी. मीठ आत झिरपलं की सळई गंजते, म्हणून तिच्यावरचं काँक्रीटचं कव्हर कुठे कमी पडलंय का ते बॅटरी लावून बघत फिरते. मग क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, २८ दिवसांनी फोडून रिझल्ट येईपर्यंत जिवाला घोर.

बाबा, तुमच्या एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राचे तीन संच मिळून ६३० मेगावॉट. इथे सौर आणि पवन मिळून ३०,००० मेगावॉट उभं करायचं ठरलंय. "आणि रात्री सूर्य कुठून आणणार?" हे तुम्ही विचारणारच. तो वाद दिवाळीत घालू. कोळशाला नावं ठेवत नाहीये हं, त्याच्यावरच शिकले मी.

तुम्ही नाइट शिफ्टहून आलात की शर्टाला राखेचा वास यायचा आणि मी आधी डबा उघडायचे, उरलेल्या लाडवासाठी. आई ओरडायची, "अगं, हात तरी धुऊ दे त्यांना." परवा पहाटे बुटांना सिमेंट लागलेलं घेऊन कँपवर आले, तेव्हा वाटलं, आपलाही डबा कुणीतरी उघडायला हवा होता.

आई, खोलीला आतून कडी आहे, एसी आहे, शेजारी सेफ्टी ऑफिसर बाई राहतात. मेसची आमटी गोड असते, पण तू दिलेला काळा मसाला वरून टाकते. रात्री आठला फोन करते. नाही आला, तर काँक्रीट चालू आहे समजायचं आणि मामाला फोन लावत बसायचं नाही.

आता ऐका. बाबांनी डोळ्यात थेंब वेळेवर घालायचे आणि टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही, त्यासाठी प्लंबर आहे. खोकला आठवडाभर राहिला तर डॉक्टरकडे जायचं, "जुनाच आहे" हे चालणार नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघताना केलेले मी धरत नाही. आणि २०२७च्या सिंहस्थाला मावशीकडच्या सगळ्यांना तू हो म्हणून बसली असशील. म्हण बाई, पण स्वयंपाकाला माणूस ठेवायचा. पैसे मी देईन.

तुमची,
चिमी

ता. क. गॅसची नळी बदलायला आली असेल. तारीख नळीवरच छापलेली असते, बाबांना चष्मा लावून बघायला सांग.